दिवसाढवळ्या विझवलेले दिवे

१

खणायला आलेल्या माणसांनी पहिल्या खांबाशेजारचं लोखंडी झाकण उचललं, आत डोकावलं आणि एकमेकांकडे पाहिलं. मुकादमाने दुसरं झाकण उचलायला लावलं, मग तिसरं. शेवटी तो स्वतः गुडघ्यांवर बसला आणि पाइपात हात घालून चाचपडू लागला, जणू एवढी मोठी केबल कुठल्याशा कोपऱ्यात लपून बसली असेल. हाताला लागली ती नुसती माती.

टेकडीच्या वळणापासून टोलनाक्यापर्यंत महामार्गाच्या कडेला जुने पिवळे दिवे उभे होते. त्यांना वीज पुरवणारी तांब्याची जाडजूड केबल गायब होती. थोडीथोडकी नव्हे, सगळीच्या सगळी.

हे दिवे आदल्याच दिवशी बंद झाले होते, तेही थाटामाटात. मधल्या दुभाजकावर उंच खांबांचे नवे पांढरे दिवे दोन महिन्यांपासून लागत होते, तेव्हा कडेच्या जुन्यांना आता निरोप द्यायचा होता. प्रमुख पाहुण्यांचं संध्याकाळी दुसरीकडे भाषण होतं, म्हणून दिवे विझवण्याचा हा सोहळा सकाळी, भर उन्हात उरकला गेला. वीजपेटीचा खटका पाहुण्यांनी ओढायचा, असं ठरलं होतं. पण पेटी उघडल्यावर आतल्या वायरींचा गुंता पाहून पाहुणे दोन पावलं मागे सरले. मग जुन्या वायरमनने खटका ओढला आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवसा दिवे तसेही बंदच असतात, त्यामुळे विझलेलं काही कुणाला दिसलं नाही. फोटो मात्र झकास आले.

केबल गेल्याचं कळताच मुख्य अभियंत्यांनी डेपोच्या आवारात सगळ्यांना जमवलं. साहेब हुशार होते आणि आपण हुशार आहोत हे त्यांना पाठ होतं.

"सोहळ्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत जुने दिवे जळत होते," ते म्हणाले. "गस्तीच्या गाडीने तसं रोज कळवलंय. दिवे जळत होते म्हणजे केबल जागेवर होती. म्हणजे चोरी झाली ती खटका ओढल्यानंतर, एका रात्रीत. वीजपेटीतलं टोक सोडवल्याशिवाय केबल ओढता येत नाही, आणि पेटीचं कुलूप तर शाबूत आहे. किल्ल्या दोनच. एक ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे. तो त्या रात्री दुसऱ्या शहरात, मेहुणीच्या लग्नात, दोनशे पाहुण्यांच्या देखत नाचत होता."

साहेब थांबले. दुसरी किल्ली कुणाकडे आहे, ते सांगायची गरजच नव्हती. सगळं आवार खटका ओढणाऱ्या त्या जुन्या वायरमनकडे, काकांकडे पाहत होतं.

२

चौकशी खात्याच्या बाईंना सगळे पाठीमागे भिंगबाई म्हणत, त्यांच्या जाड चष्म्यामुळे. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. हाती घेतलेलं एकही प्रकरण त्यांनी अर्धवट सोडलं नव्हतं आणि चौकशी संपेपर्यंत कुणाच्या घरचा चहा घेतला नव्हता. दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच अभिमान होता.

त्या आल्या तेव्हा चोरी उघडकीला येऊन चार दिवस झाले होते. शनिवारी काका निवृत्त होणार होते. त्याआधी प्रकरण पोलिसांत द्यायचं की निरोपाचा हार आणायचा, एवढंच ठरायचं बाकी होतं.

मुख्य अभियंत्यांनी त्यांना चोरीबद्दल थोडं आणि नव्या दिव्यांबद्दल बरंच ऐकवलं.

"जुना दिवा म्हणजे उधळा कारभार! रस्ता सोडून शेतात, झाडांवर, आभाळात, सगळीकडे उजेड. आमचा नवा दिवा बघा. प्रकाश पडतो तो फक्त रस्त्यावर. कडेच्या कुंपणापलीकडे कणभर जाणार नाही. मी स्वतः मोजलंय."

"छान आहेत," भिंगबाई म्हणाल्या. आणि होतेही. साहेबांचा चेहरा असा खुलला की जणू त्यांच्या मुलीचं कौतुक झालं.

काका डेपोच्या मागच्या शेडमध्ये बाकावर बसले होते. खाकी शर्टाला कडक इस्त्री होती. ज्यांना सगळे काका म्हणतात अशा माणसाला 'चोर' कसं म्हणायचं, या पेचात सहकारी पडले होते, म्हणून तिकडे कुणी फिरकतच नव्हतं.

"तुम्ही केबल नेली का?" भिंगबाईंनी सरळच विचारलं.

"त्या वळणावरचा पहिला खांब उभा राहिला तेव्हा दोर माझ्या हातात होता, बाई. वादळात, पुरात ते दिवे चालू ठेवलेत मी. आता मी चोर नाही, हेही मीच सांगायचं? नाही सांगणार."

"मग गेले दोन महिने तुम्ही कुठे होतात, ते तरी सांगा."

"पुलापलीकडे. नवे दिवे शिकायला पाठवलं होतं. तिकडेच राहायचो. सोहळ्याच्या दिवशी सकाळी आलो तो खटका ओढायला." ते क्षणभर थांबले. "आमच्या इमारतीत सगळीकडे बोभाटा झालाय. जिना उतरताना लोक दारं लोटून घेतात. बायको भाजी आणायला लांबच्या बाजारात जाते हल्ली."

एवढं बोलतानाही त्यांची पाठ ताठच होती. या माणसाचं सगळं आयुष्य आता एका शब्दावर तोललं गेलंय, हे भिंगबाईंना कळलं. मनात माया दाटली, पण त्यांनी ती बाजूला सारली. मायेने कुणी निर्दोष ठरत नाही.

"गस्तवाला म्हणतो, सोहळ्याच्या संध्याकाळी त्याने तुम्हाला त्या वळणावर पाहिलं. एकटेच. खोटं बोलतोय का तो?"

काकांनी मान वर केली.

"नाही," ते म्हणाले. "मी तिथेच होतो."

३

का गेले होते, ते मात्र काका सांगेनात. भिंगबाईंनी शब्द फिरवून फिरवून विचारलं, मग गप्प बसून पाहिलं. काकांनी ताकास तूर लागू दिली नाही.

गस्तवाला अंगापिंडाने दणकट होता. सगळे त्याला पहिलवान म्हणत, आणि तो खुर्चीत बसला की खुर्ची तक्रार करी.

"माझं काम चोख आहे, बाई," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "रोज अंधार पडला की टेकडीपासून टोलनाक्यापर्यंत एक चक्कर. मग वायरलेसवर सांगायचं, दिवे चालू. एक दिवस चुकलो नाही."

"काकांशी काही वाकडं?"

"छे हो! त्यांना तिथे बघितलं ते विचारलं म्हणून सांगितलं. तेव्हापासून घास उतरत नाही घशाखाली." घासाचं खरं वाटावं असं त्याच्या अंगाकडे पाहून वाटत नव्हतं, पण डोळे खरोखरच भरले होते.

ठेकेदाराचा सुपरवायझर खोलीतसुद्धा काळा चष्मा लावून बसला, म्हणून त्याचं नाव गॉगल. नव्या दिव्यांचं सगळं काम त्याच्या माणसांनी केलं होतं. लग्नातले फोटो तो मोबाइलवर घेऊनच आला होता. वरातीत नाचताना, पंगतीत वाढताना, वधूच्या मामांच्या गळ्यात पडताना, सगळीकडे तो होता. इतका भक्कम पुरावा घेऊन आलेला माणूस भिंगबाईंनी क्वचितच पाहिला होता.

"माझ्याकडे किल्ली आहे, नाकारत नाही," गॉगल म्हणाला. "पण मॅडम, आमचं काम संपलं, मशिनं गेली, माणसं गेली. सोहळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी शेवटची पाहणी केली आणि गाव सोडलं."

"तेव्हा जुने दिवे चालू होते?"

"म्हणजे काय! मी त्यांच्याखालीच उभा होतो. तुम्हाला गंमत सांगतो. त्या संध्याकाळी वीज गेली होती क्षणभर, आठवतंय? सगळं शहर अंधारलं होतं. नवे जुने सगळे दिवे गपकन गेले. म्हटलं, आता साहेब माझा जीव घेणार! पण पापणी लवते न लवते तोच सगळे पुन्हा लखलखले. कडेचे पिवळे, मधले पांढरे, एकदम. काय देखावा होता!"

वीज त्या संध्याकाळी खरंच गेली होती. भिंगबाईंच्या घरचा पंखाही थांबून पुन्हा फिरला होता. म्हणजे गॉगल म्हणाला ते सगळं जुळत होतं.

तरी काहीतरी बोचत होतं. पण काय ते हाताला लागेना. दुपारी त्या वळणावर जाऊन उभ्या राहिल्या, तर कुंपणापलीकडून एक बाई हातात खुरपं घेऊन ओरडत आली.

"आलात का! चार वेळा ऑफिसात खेटे घातले तेव्हा कुणाला वेळ नव्हता. आधी माझं नुकसान बघा!"

४

नर्सरीवाल्या मावशींची रोपं त्या पंचक्रोशीत मशहूर होती, आणि हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. नर्सरी रस्त्याला लागूनच होती. वळणावरचा जुना खांब तर कुंपणापासून हातभर अंतरावर होता.

कुंपणालगतच्या वाफ्यात शेवंती फुललेली होती. पिवळीधमक, भरगच्च. भिंगबाईंना वाटलं, एवढं देखणं नुकसान आपण जन्मात पाहिलं नाही.

"हेच ते!" मावशी कडाडल्या. "ही आईरोपं आहेत माझी. यांच्या फांद्या कापून मी नवी रोपं करते. यांना फुलं येता कामा नयेत. फुलावर आली की फांदी वाया गेली."

"मग दरवर्षी कशी थांबवता?"

"मी कशाला थांबवते? तो दिवा थांबवायचा." त्यांनी खुरपं जुन्या खांबाकडे रोखलं. "शेवंतीला कळी धरायला लांबलचक अंधार लागतो. दिव्याचा उजेड रात्रभर अंगावर असला की तिला रात्र झालीय हेच कळत नाही, नुसती पानं वाढवत बसते. बाकीचे लोक त्यासाठी बल्ब लावतात. मला सरकारी दिवा फुकट मिळाला होता. बंद होणार ती तारीख मला माहीत होती, त्या दिवसापासून माझे बल्ब लावायची तयारी केली होती. तर या लबाडांनी दिवे आधीच बंद केले!"

"तुम्ही पाहिलंत बंद असलेले?"

"मी कशी बघणार? दिवस मावळायच्या आत गावात परतते मी. पण मला बघायची गरज काय? मला माझी रोपं सांगतात. ऑफिसात गेले तर तो पहिलवान म्हणतो, मावशी, दिवे रोज चालू आहेत, मी स्वतः बघतो. वर हसतो!"

भिंगबाईंनी चष्मा पुसला. मग वाफ्यापाशी उकिडव्या बसून एक फूल बोटांनी हळूच वर केलं.

"मावशी, दिवे बंद झाल्याला आज पाच दिवस झाले. पाच दिवसांत इतकी फुलं?"

मावशींनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पाच दिवसांत फांदीचा डोळासुद्धा फुगत नाही, बाई. कळी धरायला तीन-चार आठवडे, उमलायला आणखी तितकेच. आणि आत या, हे दुसरे वाफे बघा. एकाच जातीची रोपं. ती रस्त्यापासून लांब, मी बल्बखाली ठेवलेली. एक तरी कळी दाखवा!"

एकही नव्हती. सगळी हिरवीगार, गुपचूप उभी होती.

भिंगबाई उठल्या त्या थेट पहिलवानाकडे गेल्या. त्याला त्यांनी एकच प्रश्न विचारला. रोज चक्कर मारताना तू कडेच्या दिव्यांकडे बघायचास की रस्त्याकडे?

पहिलवान आठवू लागला. मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

५

शुक्रवारी सकाळी त्याच आवारात, त्याच सगळ्यांना भिंगबाईंनी पुन्हा जमवलं. त्यांनी तसा हट्टच धरला होता. साहेबांच्या खोलीत गुपचूप बोलायला त्या तयार नव्हत्या.

"साहेबांचा तर्क सरळ होता," त्या म्हणाल्या. "दिवे जळत होते, म्हणून केबल होती. माझा प्रश्न एवढाच की दिवे जळताना पाहिले कुणी? पहिलवान, सांगा."

पहिलवान खाली मान घालून उठला. "मी रस्ता बघायचो, बाई. नवे दिवे लागल्यापासून रस्ता लख्ख दिसायचा. मला वाटलं, लख्ख आहे म्हणजे दिवे चालूच आहेत. कडेला मान वळवून बघितलंच नाही कधी."

"इतक्या गाड्या गेल्या, एकाही माणसाने पाहिलं नाही," भिंगबाई म्हणाल्या. "पुढे इतका सुंदर उजेड असताना कडेच्या म्हाताऱ्या दिव्यांकडे बघतो कोण? साहेब, तुमच्या दिव्यांनीच चोरी झाकली. आणि सोहळा ठेवलात तो सकाळी. संध्याकाळी ठेवला असता, तर विझवायला एकही दिवा जळत नाही, हे तिथेच उघडं पडलं असतं."

मग त्यांनी शेवंतीची हकिकत सांगितली. कुंपणालगतचा वाफा फुलला आणि आतला नाही, कारण कुंपणालगत निदान दीड महिना अंधार होता. साहेबांचा नवा दिवा तिथे कणभरही उजेड सांडत नाही, हे साहेबांनीच मोजलं होतं. साहेबांनी नकळत मान डोलावली, आणि मग आपण कशाला मान डोलावतोय ते त्यांच्या लक्षात आलं.

"म्हणजे केबल एका रात्रीत गेली नाही. दीड-दोन महिन्यांपूर्वी पेटीच्या आतच कापली गेली, उरलेलं टोक तिथल्या गुंत्यात दडलं, आणि मग केबल सावकाश, सवडीने ओढली गेली. तेव्हा काका कुठे होते? पुलापलीकडे. त्यांना तिथे तुम्हीच पाठवलं होतंत. आणि रस्त्याच्या कडेला मशिनं लावून, दिवसाढवळ्या पाइपांतून केबली घालणारी आणि काढणारी माणसं कुणाची होती? त्यांना हटकायचं कुणाला सुचणार?"

गॉगल खुर्चीतून अर्धवट उठला. "मॅडम, फुलांवरून माणसाला चोर ठरवता? माझ्या माणसांपैकी कुणी केलं असेल, मला काय माहीत!"

"तुम्हालाच माहीत असणार. आदल्या संध्याकाळी तुम्ही जुन्या दिव्यांखाली उभे होतात ना? वीज गेली आणि लगेच आली, तेव्हा कडेचे पिवळे दिवेही एकदम लखलखले, असं म्हणालात."

"लखलखलेच! मी डोळ्यांनी पाहिलं!"

भिंगबाई साहेबांकडे वळल्या. "साहेब, हे मला विजेतलं फार कळत नाही म्हणून विचारते. जुना पिवळा दिवा वीज जाऊन आली की लगेच लागतो?"

"छे, कसा लागेल?" साहेब सवयीने शिकवू लागले. "तापलेला दिवा थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटतच नाही. चांगली काही मिनिटं जातात. मग आधी मिणमिणता लालसर, मग हळूहळू पिवळा. लगेच लागतात ते फक्त नवे..."

वाक्य तिथेच थांबलं. साहेबांनी गॉगलकडे पाहिलं. आवारातल्या प्रत्येक वायरमनने पाहिलं, कारण त्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी त्या दिव्यांखाली उभं राहून ते पुन्हा पेटायची वाट पाहिली होती.

"यांनी उभी हयात नव्या दिव्यांवर काढली," भिंगबाई म्हणाल्या. "कथा रचताना जुन्या दिव्यांनाही नव्यांची चाल दिली. जळणारा जुना दिवा त्यांनी त्या संध्याकाळी पाहिला नव्हता, कारण जळणारा दिवाच नव्हता. ते त्यांना माहीत होतं, तरी पाहिला म्हणाले. का, ते आता त्यांनीच सांगावं. लग्नाचे फोटो ठेवून द्या, त्या रात्रीचं कुणी विचारत नाहीये."

गॉगलने पहिल्यांदाच काळा चष्मा काढला. आतले डोळे अगदी साधे, घाबरलेले होते. दुपारपर्यंत केबल सापडली, ठेकेदाराच्या गोदामात, नव्या दिव्यांच्या खोक्यांखाली.

६

गर्दी पांगल्यावर भिंगबाई काकांच्या शेजारी बाकावर बसल्या. इतक्या वर्षांत स्वतःच्या कामाचा इतका अभिमान त्यांना वाटला नव्हता, आणि तो लपवायचीही त्यांना गरज वाटली नाही.

"आता तरी सांगा. त्या संध्याकाळी वळणावर का गेला होतात?"

काका हसले. "आमच्या दिव्यांवाचून रस्ता कसा दिसतो ते बघायला. वाटलं होतं, भकास दिसेल. पण बाई, चांगला दिसत होता. फार चांगला. तेच लागलं जिवाला. आता हे साहेबांना कसं सांगू, सांगा!"

तेवढ्यात साहेबच आले. हात जोडलेले, मान खाली. त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली होतीच, आता पुन्हा मागितली. उद्याच्या निरोपाला मोठा हार आणतो म्हणाले.

"हार राहू द्या, साहेब," काका म्हणाले. "डेपोत माझं नाव साफ झालं. पण मी डेपोत राहत नाही. घरी चला आणि आमच्या हिला सांगा."

साहेब गेले. भिंगबाईही गेल्या, कारण चौकशी संपली होती आणि आता चहा चालणार होता. दोन खोल्यांच्या त्या घरात साहेब खुर्चीच्या कडेवर बसले आणि काकूंना म्हणाले, "वहिनी, यांनी चोरी केलेली नाही. चूक माझी झाली."

काकूंनी गॅस बारीक केला. "हे मला काय सांगता? मला ठाऊकच होतं. मी काय कालपासून ओळखते यांना?" त्यांनी पदराला हात पुसले आणि दार सताड उघडलं. "चला. समोरच्यांना सांगा."

मुख्य अभियंते उठले. समोरचं दार वाजलं, मग शेजारचं, मग खालच्या मजल्यावरची सगळी. प्रत्येक उंबऱ्यावर काकू बाजूला उभ्या राहत आणि साहेब तेच वाक्य म्हणत. कुठे कुणी चपापलं, कुणी आत या म्हणालं, कुणी मान खाली घातली. काकू एकही दार सोडत नव्हत्या.

काका कठड्याला हात टेकून ऐकत होते. पाठ अगदी ताठ. साहेबांचा दमलेला आवाज आता वरच्या मजल्यावरून येत होता.

"बाई," ते भिंगबाईंना म्हणाले, "तेवढं साहेबांना जरा मोठ्याने बोलायला सांगा. वरच्या आजोबांना कमी ऐकू येतं."